नाकासाठी वाकडी वाट

शहरात शिरायचं मी ठरवलं, आणि ह्यांना विचारलंही नाही. गाडी मीच चालवत होते, त्यामुळे विचारायचा प्रश्नच नव्हता. मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, "अगंबाई, हमरस्ता सोडलास की काय?"

"तुम्हाला शहर दाखवते, आई. चार गल्ल्या हिंडू, खाऊ-पिऊ आणि संध्याकाळी पुढे घरी निघू."

सासूबाई खूश. त्यांच्या शेजारी बसलेली आमची लेक त्याहून खूश. हे मात्र खिडकीबाहेर बघत बसले. माझ्या डोक्यात काय शिजतंय ते त्यांना बरोबर कळलं होतं.

आमचे हे चहाच्या कंपनीत चव घ्यायचं काम करतात. लांबलचक टेबल, त्यावर कपांची रांग. चमचाभर चहा फुर्रकन ओढायचा, तोंडात घोळवायचा, थुंकायचा आणि कुठला माल कशात मिसळायचा ते सांगायचं. लोकांना वाटतं, काय मजा आहे! पण त्यातलं निम्म्याहून जास्त काम नाकाचं असतं, आणि हिवाळ्यातल्या तापानंतर ह्यांचं नाक बंदच पडलं. ताप गेला, सर्दी गेली, वास काही परत आला नाही. डॉक्टर म्हणाले, "येईल हळूहळू. कदाचित नाहीही येणार." एवढं सांगायला डॉक्टर कशाला हवा? वर म्हणाले, तऱ्हेतऱ्हेचे वास देत राहा. कंपनीला अशक्तपणा सांगून घेतलेली रजा आता संपली होती. उद्या सकाळी ह्यांना टेबलाशी उभं राहायचं होतं, आणि त्या कपांमध्ये नुसतं गरम पाणी लागलं तर नोकरी गेली म्हणून समजा. चहाशिवाय ह्यांना दुसरं काही येत नाही. खिळा ठोकायला सांगितला तर भिंत पाडतील.

सासूबाईंना यातलं अवाक्षर माहीत नव्हतं. "आईला सांगू नकोस, ती हाय खाईल," असं म्हणून ह्यांनी माझं तोंड बांधलं होतं. त्यामुळे झालं काय, की मुलगा ताटावर मुकाट बसतो, चांगलंही म्हणत नाही आणि वाईटही म्हणत नाही, याचं खापर माझ्या डोक्यावर. "माझ्या पोराची अन्नावरची वासनाच उडवलीस," हे मला उठता-बसता ऐकावं लागे. मी दात-ओठ खाऊन गप्प बसे. मी आणि गप्प! माझ्या माहेरी कोणी विश्वास ठेवणार नाही.

गाडी लावली आणि आधी बेकऱ्यांच्या गल्लीत शिरलो. भट्टीतून पाव निघत होते, अख्खी गल्ली घमघमत होती. लेकीनं दोन्ही हातांत एकेक पाव घेतला. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मान किंचित हलवली. नाही.

पुढे कॉफी भाजणाऱ्यांची आळी. पिंप गरगर फिरत होतं, धुरानं सासूबाईंना ठसका लागला. नाही. मग खाणावळींची रांग. एका दारात कढईभर लसूण तडतडत होता. तिथेच जेवायला बसलो. सासूबाई प्रत्येक घास ह्यांच्या ताटात सारत होत्या. "हे खा. हे बघ कसं झणझणीत आहे. घरी मिळत नाही ना असं!" शेवटचं वाक्य अर्थातच माझ्यासाठी होतं. हे खात होते, "छान आहे, छान आहे," म्हणत होते. माझ्याकडे बघून मान मात्र हलवली. नाही. पुढे साबण-अत्तरांच्या दुकानात तर मी बाटल्यांमागून बाटल्या ह्यांच्या नाकाखाली धरल्या, इतक्या की दुकानदार वैतागला. नाही, नाही आणि नाही.

"राहू दे आता," हे हळूच म्हणाले. "उद्या साहेबांना खरं काय ते सांगून टाकतो."

"काही सांगायचं नाही!" मी खेकसले. खरं तर मला रडू येत होतं, पण मला रडू आलं की आधी राग येतो.

त्या रागाच्या भरात मी रस्ता चुकले. हे उजवीकडे म्हणत होते, म्हणून मी डावीकडे वळले. निघालो थेट मासळीबाजाराच्या मागच्या बाजूला. आतडी, खवले, टोपल्यांतून गळणारं पाणी, त्यात दुपारचं ऊन! लेकीनं फ्रॉकमध्ये तोंड खुपसलं. सासूबाई ओकारी आवरत म्हणाल्या, "हे दाखवायला आणलंस का शहरात?" आम्ही तिघी नाक दाबून पळत सुटलो.

मागून ह्यांचा आवाज आला, "शी! काय घाण वास मारतोय गं!"

"मग नाक धरा आणि चला की पटकन!" मी ओरडले. दोन पावलं पुढे गेले आणि थांबले. वळून बघितलं तर हे त्या टोपल्यांच्या मधोमध उभे. छाती भरभरून श्वास घेत होते. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"अरे वेड्या, त्या घाणीत काय उभा राहतोस?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, मला वास येतोय! ताप आला तेव्हापासून कशाचाच येत नव्हता गं. हिला मीच सांगू नको म्हटलं होतं."

सासूबाई नाकावरचा हात काढून तशाच उभ्या राहिल्या. आधी ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता लपवल्याबद्दल माझी कंबख्ती. पण त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "म्हणजे तुझा स्वयंपाक बरा होता म्हणायचा," त्या म्हणाल्या.

"बरा? चांगला होता!"

"बरं बाई, चांगला," त्या म्हणाल्या आणि डोळे टिपायला लागल्या.

पण माझा जीव अजून टांगणीला होता. घाण कळली, चहाचं काय? कोपऱ्यावर हमालांसाठी चहाची टपरी होती. मी ह्यांचा हात धरून ओढतच नेलं. चहावालीनं कप पुढे केला. ह्यांनी तो नाकापाशी नेला, डोळे मिटले आणि रस्त्यावरची माणसं वळून बघतील अशा आवाजात फुर्रकन घोट ओढला. एरवी या आवाजानं मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

हे घोट तोंडात घोळवत राहिले. लेकीनं माझं बोट घट्ट धरलं.

"भुकटी आहे," शेवटी हे म्हणाले. "ओल लागलेली. वर उकळून उकळून पार कडू केलाय. पोत्याचासुद्धा वास येतोय थोडा." आणि लहान मुलासारखे हसले.

तिथे, भर रस्त्यात, मी हुंदके देऊन रडायला लागले. इतक्या दिवसांचं सगळं एकदम बाहेर आलं. सासूबाई माझी पाठ थोपटत राहिल्या.

चहावाली बिचारी गोंधळून गेली. "काय हो बाई, चहा इतका वाईट झालाय का?"

"फार वाईट झालाय," मी नाक पुसत म्हटलं. "अजून एक द्या त्यांना."