आई आपल्याच घरी राहणार

आईचे शब्द गेली दोन वर्षं एकेक करून गळत होते. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, त्याचं कुणाला फारसं वाटलं नाही. मग भांड्याकुंड्यांची गेली, शेवटी मुलाचं. मेंदूचा आजार, वाढतच जाणार, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून तिच्यादेखत काहीही बोलायची घरात सोय झाली. तिला पुढच्या महिन्यात वृद्धाश्रमात ठेवायचं, हे मुलाने आणि सुनेने तिच्याच ताटाशेजारी बसून ठरवलं. ती जेवत राहिली. विरोध नाही, म्हणजे ठराव मंजूर.

त्याआधी एका संशोधक बाईंनी तिला तपासणीला बोलावलं. डोक्यावर तारांची टोपी घालायची आणि वाक्यं ऐकवायची. 'चहात साखर घातली' म्हटलं की पडद्यावरची रेघ संथ राहते. 'चहात मोजे घातले' म्हटलं आणि अर्थ पोचला, तर उसळते. ओळखीचा आवाज बरा, म्हणून वाक्यं मुलाकडूनच रेकॉर्ड करून घेतली होती. अर्थ बरोबर असलेल्या वाक्यांत घरातलीही चार त्याने हौसेने घातली होती.

आई टोपी घालून काचेपलीकडच्या खोलीत होती. अलीकडे बसून सून म्हणाली, "उगाच दमवताय त्यांना. आमच्या भिंतीला जास्त कळतं."

मोज्यांना रेघ उसळली. मशीन बिघडलंय, असं सुनेचं मत पडलं.

बाईंनी सगळ्याची सरासरी काढली आणि त्या पडद्याकडे बघतच राहिल्या. सगळ्यात मोठी उसळी मोज्यांना नव्हतीच. ती होती 'आई आपल्याच घरी राहणार' या वाक्याला.

"हे तुम्ही बरोबर म्हणून दिलंय," त्या मुलाला म्हणाल्या. "त्यांना ते साफ चूक वाटतंय. असं का?"

सून पर्समध्ये काहीतरी शोधू लागली. जेवताना काय काय बोललो, ते मुलाला एकदम ऐकू यायला लागलं. त्याने चाचरत वृद्धाश्रमाचं सांगितलं. बाईंना शास्त्राची पडली होती. खात्री करू या म्हणत त्यांनी माईक पुढे सरकवला. खरं असेल ते म्हणा, मी थांबवेपर्यंत म्हणत राहा.

"आई वृद्धाश्रमात जाणार."

रेघ साखरेइतकी संथ. पुन्हा, बाई म्हणाल्या. तो म्हणाला, रेघ तशीच. आणखी एकदा, तशीच.

पुढच्या खेपेला "आई" म्हणून तो थांबला. ठरलेले पुढचे शब्द आलेच नाहीत.

तेव्हा कुठे रेघ उसळली, आणि आईने मान वळवून काचेकडे पाहिलं.