घुमटातले काका

काकूने डोळ्यांचे थेंब पुन्हा सुरू केले, भोंगा आपली घंटा घेऊन पसार झाला आणि काकांचा चेहरा बादलीतून आल्याचं निष्पन्न झालं. हे काहीच झालं नाही असं समजून आपण गर्दीपासून सुरू करू.

गर्दी काकूच्या घराच्या जिन्यात होती. दाराशी भोंगा उभा. हा खालच्या मजल्यावरचा भाडेकरू. आधी पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायचा, आता थेट माणसं शुद्ध करायला लागला होता. वारलेल्या काकांनी वायुरूप घेतलंय, असं तो घंटा वाजवून सांगत होता. वायू डोळ्यांतला दोष ओढून घेतो. फक्त आतल्या टेबलावरच्या घुमटाला डोळा टेकवायचा आणि औषध सोडायचं, कारण दोन्ही एकदम घेतलं तर वायूचा अपमान होतो.

आत टेबलावर काकांनी दुरुस्त केलेलं शेवटचं घड्याळ होतं. काका घड्याळजी. त्यात धूळ जाऊ नये म्हणून काकूने मला पारदर्शक झाकण करायला सांगितलं होतं. मी ते घरीच केलं. प्लास्टिकचा पत्रा ओव्हनमध्ये मऊ केला, पालथ्या वाडग्यावर टाकला आणि वाडग्याखालच्या भोकाभोकांच्या खोक्याला व्हॅक्यूम क्लीनर लावून हवा ओढली. घुमट झाला. पण त्यात बुडबुडे आले होते: वर दोन पुंजके, खाली एक वाकडी रेघ.

काकू बराच वेळ बघत राहिली. "हे आले," ती म्हणाली आणि हसली. काका गेल्यापासून पहिल्यांदाच.

बुडबुडे कशाचे ते मला तिथल्या तिथे ठाऊक होतं. मी नुसतं "हं" म्हटलं. माझ्या कुठल्याही बोलण्याला आजवर इतकं यश मिळालेलं नाही.

काकूला काचबिंदू आहे. पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "थेंब कधीपासून बंद?"

"हे आल्यापासून."

"कोण आले?"

काकूने माझ्याकडे बोट केलं. "याला विचारा. यालाही दिसतात."

डाव्या डोळ्याची कडेची नजर गेली होती. ती परत येत नाही, उरलेली थेंबांनी वाचेल, असं बाई म्हणाल्या. सांगताना त्या काकूकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी ओव्हन दाराशी आणला आणि जिन्यातल्या मंडळींना खरं ते सांगितलं. पत्र्यावरचा संरक्षक कागद निघेना म्हणून मी अख्खा पत्राच बादलीत भिजत टाकला होता. प्लास्टिक गुपचूप पाणी पितं. तापलं की त्या पाण्याची वाफ होते, वाफेला बाहेर पडता येत नाही आणि बुडबुडे होतात. म्हणून पत्रा आधी मंद आचेवर तासन्‌तास वाळवायचा असतो. मला कंटाळा आला होता.

मग एक वाळवलेला आणि एक भिजवलेला पत्रा सर्वांसमोर तापवून वाडग्यावर ओढून दाखवला. वाळवलेला काचेसारखा निघाला.

"कोरड्या पत्र्यात श्रद्धा नाही," भोंगा म्हणाला.

भिजवलेल्यात भरपूर निघाली. एका आजींना त्यात चक्क प्लंबर दिसला. प्लंबर चौथ्या पायरीवर उभा होता, धडधाकट, आणि फार ओशाळला. जिना हसायला लागला. हसणाऱ्या लोकांपुढे घंटा वाजवता येत नाही, हे भोंग्याला लगेच कळलं.

काकू हसली नाही. तिने कोरा घुमट घड्याळावर ठेवला. डावी कड दिसेना म्हणून मान वळवून, चाचपून ठेवला.

"म्हणजे हे आलेच नव्हते."

"नाही."

"तेव्हाच का नाही बोललास?"

"तू हसलीस."

तिने थेंबांची बाटली माझ्या हातात दिली. "घाल," म्हणाली आणि मान मागे टाकली.

तेव्हा वाचकहो, चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी पत्रा ओला होता का ते विचारा. औषध सोडायला सांगणाऱ्याला दाराबाहेर सोडून या. आणि कारण माहीत असेल तर बोला, समोरचं माणूस कितीही छान हसत असलं तरी.

सबब, उपरोक्त बाबींचा विचार होऊन माझं "हं" पूर्वलक्षी प्रभावाने रद्द करण्यात यावं व काकूच्या डाव्या डोळ्याची कड मूळ स्थितीत परत मिळावी, ही विनंती.