राखाडीचा निकाल

इलियासला कोंबड्यांतलं काही कळत नाही, हे मी लग्नाची एकोणीस वर्षं त्याला तोंडावर सांगत आले. तो माझा आतेभाऊ. लहानपणापासून अरे-तुरे, त्यामुळे लग्नानंतरही ‘अहो’ काही जमलं नाही आणि भांडण काही सुटलं नाही. आम्हाला मूलबाळ नाही, तेव्हा भांडायला विषय शोधावे लागायचे. तो वर्षातले अकरा महिने दोह्याला, मी नेऱ्याच्या घरात. मग फोनवर भांडायचो.

यंदा सुट्टीवर आला तेव्हा आमची काळी कोंबडी खुडूक बसली होती. हा शेजारच्या भामाकडून अकरा अंडी घेऊन आला. भामाच्या अंगणात झुंजीच्या असील जातीचा एक उंच कोंबडा आहे आणि कोंबड्या म्हणाल तर गावठी, सरकारी वाटपातल्या, कुणाच्या कुणास ठाऊक. त्या अंड्यांतून काय निघेल हे अल्लालाच माहीत. अंडी कोंबडीखाली ठेवून इलियास परत गेला आणि नऊ पिल्लं निघाली, नऊही वेगळ्या रंगाची.

मग रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल. मी पिल्लू हातात धरायचं, तो तिकडून सांगणार, पंख पसर, पाय दाखव, तोंड कॅमेऱ्याजवळ घे. जाड पायाचा नर, लवकर शेपटी फुटली तर मादी, असे त्याचे हिशेब. आठ पिल्लांवर आमचं एकमत झालं, ही आमच्या घरात नवलाचीच गोष्ट. नववं राखाडी होतं, लांब पायांचं, मान वर करून बघणारं. मी म्हटलं नर. तो म्हणाला, मादी.

“पाय बघ की त्याचे,” मी म्हटलं.

“असीलची औलाद आहे, पाय लांबच असणार. डोळे बघ तिचे. गुलशन, ही मादी नाय निघाली तर मी नाव बदलेन.”

“आधी नवीन नाव शोधून ठेव.”

तो हसला. त्याचं हसणं म्हणजे आधी खी-खी आणि मग खोकला. हे आमचं शेवटचं बोलणं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो झोपेतून उठला नाही. पिल्लं तेव्हा तीन आठवड्यांची होती.

दफन तिकडेच झालं. त्याच्या खोलीतल्या एकाने फोनवर दाखवलं. वाळू, चार-पाच माणसं, ऊन. मी बघितलं आणि फोन ठेवला. बायका आल्या, गळ्यात पडल्या, सब्र कर म्हणाल्या. मला सब्र करावाच लागत नव्हता. दात काढताना इंजेक्शन दिल्यावर गाल असतो ना, आपलाच पण आपला नसलेला, तशी मी सगळीच झाले होते. चिमटा काढला तरी कळलं नसतं. मी रडले नाही, आणि बायका ते बघत होत्या.

मग इद्दत. चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. दीर राहिल रोडपालीहून दर जुम्म्याला सामान आणायचा, तोही पडवीत पडद्याबाहेर उभा राहून बोलायचा. मी मागच्या दारात बसायचे आणि परसातली पिल्लं बघायचे. दुसरं करायला काही नव्हतं.

पिल्लं अकरा आठवड्यांची झाली आणि त्यांतलं एक तांबडं आरवलं. फाटक्या भोंग्यासारखा आवाज, पण आरवलं. आम्ही दोघांनी त्याला मादी ठरवलं होतं. म्हणजे आम्ही दोघंही चुकू शकत होतो तर. मग एकेक करून आणखी चार आरवले. उरलेल्या तिघी तलंगा, म्हणजे कोवळ्या कोंबड्या, गोल, निमूट दिसायला लागल्या. राखाडी मात्र ना इकडे ना तिकडे. नरांइतकं उंच, तुरा लालसर पण लहान, आवाज नाही. दबलेला नर उशिरा आरवतो, असं मी मनाशी म्हणत राहिले.

भामा एकदा कुंपणावरून बघत होती. म्हणाली, “भाभी, आजून कलत नाय व्हय तुला? आन इकडं. कमरेवरची पिसं बगायची. टोकदार आसली तर नर, गोल आसली तर मादी. आत्ता सांगते.”

“नको,” मी म्हटलं.

“आगं, मिन्टाचं काम हाय.”

“नको म्हटलं ना भामा!”

ती बिचारी कुंपणापासून मागे वळली. मी तिच्यावर उगाच खेकसले, आणि तरी मला वाईट वाटलं नाही, काहीच वाटत नव्हतं. पण एवढं मला ठाऊक होतं की ती पिसं बघायची नाहीत. इलियासचे कपडे राहिलने मदरशात दिले होते, फोनचा नंबर बंद झाला होता. तो मादी म्हणत होता आणि मी नर म्हणत होते, एवढीच एक गोष्ट आमच्या दोघांत अजून चालू होती. निकाल लागला की तीही संपणार. म्हणून मी राखाडीकडे बघताना मानेखाली नजर जाऊ द्यायची नाही.

इद्दत संपायच्या आदल्या दिवशी सकाळी राहिल आला. दुसऱ्या दिवशी नात्यातल्या बायका जेवायला येणार होत्या, कोंबडे कापायचे होते. मी पडद्याआड चुलीपाशी कांदा चिरत होते. बाहेर फडफड ऐकू येत होती, मग राहिलचा आवाज आला.

“भाभी, पाच झाले. हा राखाडी पण घेऊ?”

मी हात थांबवला. नको म्हणायचं होतं. तोंडाशी आलंही होतं, तेवढ्यात राहिलच पुढे बोलला.

“पण भाभी, भाई तर मला म्हणाला होता ही मादी आहे. फोटो पाठवला होता त्याने. म्हणाला, गुलशन हरणार बघ.”

“तुझ्या भाईला काय डोंबल कळतं?” मी म्हटलं. “नर आहे तो. घे.”

एकोणीस वर्षांची सवय, विचार करायला वेळच मिळाला नाही. पडद्यापलीकडे राहिल बिस्मिल्ला म्हणाला. मी पुन्हा कांदा चिरायला घेतला.

थोड्या वेळाने त्याने सोललेल्या कोंबड्यांची परात पडद्याखालून आत सरकवली. मी एकेक साफ करत गेले. पाच झाले. सहाव्याच्या पोटात हात घातला तर बोटांना गोल, मऊ काहीतरी लागलं. बाहेर काढलं. पिवळ्या बलकांची माळ होती, मोहरीएवढ्या दाण्यापासून लिंबाएवढ्या बलकापर्यंत, आणि त्याच्या पुढे एक पुरं अंडं, कवच अजून मऊ. उद्या-परवा घातलं असतं तिने.

“राहिल,” मी म्हटलं, “ती मादी होती.”

तो बाहेर जरा घुटमळला. “जाऊ दे भाभी. मादी काय नर काय, रस्सा तर होणारच.”

मी ते गरम अंडं तळहातावर धरून उभी राहिले. हरले होते मी. एकोणीस वर्षांत कधी कबूल केलं नव्हतं, ते आता त्याला सांगावं लागणार होतं, आणि मग तो जे काय चिडवणार ते निमूट ऐकून घ्यावं लागणार होतं. खरंच सांगते, मी वाट बघितली. आधी खी-खी येईल, मग खोकला.

पडवीत राहिल हात धूत होता, पाणी पडत होतं. दुसरा कुठलाच आवाज आला नाही. तेव्हा मला कळलं की इलियास मेला आहे, आणि मी परातीपाशी बसून इतक्या जोरात ओरडले की राहिल पडदा सारून आत आला.