दोरीचं डोळस टोक

या रविवारी मामाला घेऊन हाफ मॅरेथॉन धावणार, हे भिंगरीने आईला, वर्गातल्या मुलींना, अगदी लिफ्टमध्ये भेटलेल्या अनोळखी काकूंनासुद्धा सांगून टाकलं होतं. घेऊन म्हणजे अक्षरशः घेऊन! मामाला दिसत नाही. त्याच्या आणि तिच्या मनगटांत मिळून एकच हातभर दोरी. खड्डा, वळण, पाण्याचं टेबल, सगळं तिने बोलून सांगायचं आणि त्याने बिनधास्त पाय टाकायचा.

मामा हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. लोकांचे आखडलेले खांदे सोडवता सोडवता त्याने त्याच लोकांना गळ घातली होती, "मी शर्यत पुरी केली तर माझ्या जुन्या शाळेला मदत द्यायची. न दिसणाऱ्या मुलांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करायची खोली बांधतायत." आता ज्याची मान दुसऱ्याच्या हातात आहे तो नाही कशाला म्हणेल? सगळे तयार झाले.

"सराव चाललाय ना गं?" मामा रोज सकाळी फोनवर विचारायचा.

"म्हणजे काय! पायांना चाकं लागलीत," भिंगरी पांघरुणातूनच सांगायची.

उचलली जीभ, लावली टाळ्याला. रविवारी ते अंगाशी आलं. सुरुवातीला ती अशी सुटली की मामालाच "अगं, दोरी तुटेल" म्हणावं लागलं. पण मोठा चौक ओलांडला आणि पोटऱ्यांत गोळे आले. श्वास घशातच अडकायला लागला. समोर उड्डाणपुलाचा चढ आ वासून उभा. वळण त्याच्याही पलीकडे. रस्त्याच्या मधोमध लोखंडी कठडे होते आणि पलीकडून वळून आलेले लोक परत येत होते. एका ठिकाणी अँब्युलन्ससाठी कठड्यांत फट ठेवली होती.

"हळू का झालीस? यू-टर्न आला का?" मामाने विचारलं.

"हो," भिंगरी म्हणाली. "उजवीकडे ये मामा. अजून थोडं. हां, आता सरळ."

बस. इतकंच. कुणी शिट्टी वाजवली नाही की कुणी हटकलं नाही.

"एवढ्यात?" मामा चकित. "अगं, मला धड घामसुद्धा फुटला नाही! म्हातारा घोडा पळतोय की!"

शेजारून एक टकले गृहस्थ धापा टाकत चालले होते. "त्या चढाने जीव घेतला हो," ते म्हणाले.

"कुठला चढ?" मामा खो खो हसला. "मला तर जाणवलाच नाही!"

गृहस्थांनी त्याला मनापासून सलाम ठोकला. भिंगरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने स्वतःची समजूत घालून पाहिली. शाळेला खोली मिळेल. मामा खूश आहे. कुणाचं काय बिघडलं? पण मन काही गप्प बसेना, आणि तोंड, जे कधी गप्प बसत नाही, ते मात्र मिटलं होतं.

"दमलीस का गं? माझ्या वाटचं पाणी घे," मामा म्हणाला. "आणि ऐक, पुढच्या वर्षी पूर्ण मॅरेथॉन! अर्ध्यात एवढा दम उरतोय म्हणजे बघ ना."

फिनिशचे लाउडस्पीकर ऐकू यायला लागले. मामाने वेग वाढवला. भिंगरी थांबली. दोरीला हिसका बसला.

"काय लागलं?"

"मामा, यू-टर्न आलाच नव्हता. पुलाच्या अलीकडून मी तुला वळवलं. मला चढवत नव्हतं. मी सरावही नाही केला. झोपून असायचे."

मामाचं हसू लगेच गेलं नाही. घरात कुणी नसताना दिवा चालू राहतो, तसं ते चेहऱ्यावर राहिलं.

"म्हणजे ते गृहस्थ म्हणाले, तो खरंच चढ होता."

"हो."

"आणि मी त्यांना म्हणालो, जाणवलाच नाही." त्याने कपाळावरचा घाम पुसला. "मला वाटलं, मी जोरात धावलो."

भिंगरीला हुंदका फुटला.

"रडायचं नंतर. मागे फिर."

"पण मामा, तोवर फिनिश बंद होईल. लोकांचे पैसे..."

"मी पुरी करीन म्हणालोय त्यांना. चल."

ते परत निघाले. पाण्याची टेबलं उचलली जात होती, कागदी पेले गाड्यांच्या चाकांखाली चिरडले जात होते. मामा तिच्यावर ओरडला नाही. दोन फटके दिले असते तर बरं, असं तिला वाटलं. तिने "खड्डा" म्हटलं की तो आधी बुटाचं टोक पुढे करून चाचपायचा, मग पाय टाकायचा. चढावर त्याला धाप लागली. तिचे पाय तर लाकडाचे झाले होते, तरी एकदाही "थांबू या" म्हणायची तिची हिंमत झाली नाही.

पुलापलीकडे एक माणूस वळणावरचे नारिंगी कोन गोळा करून टेम्पोत टाकत होता. एकच उरला होता.

"आला, मामा. हा बघ..." भिंगरी बोलता बोलता थांबली.

मामा वाकला. शेंड्यापासून बुडापर्यंत त्याने कोनावरून हात फिरवला. मग भिंगरीकडे नाही, त्या माणसाच्या चाहुलीकडे तोंड करून म्हणाला, "दादा, यू-टर्न हाच ना?"

"हाच की," तो माणूस म्हणाला.

तेव्हा कुठे मामा वळला.