डाव्या फेरीचा कौल

डॅशबोर्डवर पितळेचा तांब्या होता, गळ्यापर्यंत पाण्यानं भरलेला, लाल फडक्यानं घट्ट बांधलेला. चढणीवर जीप उजवीकडे वळली की त्या पाण्यावर बारीक, दाट वर्तुळं उठत आणि पुढच्या चाकांकडून ‘घूंऽऽ’ असा आवाज येई. डावीकडे वळली की पाणी नुसतं एका बाजूला कलंडे. वर्तुळं नाहीत, आवाजही नाही. कुरवंड्याचा रस्ता सोडून आमच्या वाडीकडे वळल्यापासून मी हेच पाहत होते.

“पप्पू, बेरिंग गेलंय तुझं,” मी म्हणाले.

पप्पू माझा धाकटा भाऊ. जीप त्याचीच. त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

“हळू बोल ताई. देवी हाय ती.”

माझ्या शेजारी आमची आई, शालूबाई, डोळे मिटून बसली होती. तिच्या छातीत गाठ होती. होळीच्या सुमाराला डॉक्टरांनी तुकडा काढून तपासला आणि स्पष्ट सांगितलं, की गाठ चांगली नाही, पण आत्ता काढली तर बाई वाचेल. आई म्हणाली, “देवीला इचारते.” देवीनं नको म्हटलं. पुन्हा विचारलं, पुन्हा नको. आता वैशाख आला होता.

मी कामशेतला शाळेत विज्ञान शिकवते. दर रविवारी पप्पूला फोन करायचे. तो म्हणायचा, “ताई, मी लय समजावतो. आईच ऐकत न्हाई.” मला बरं वाटायचं. निदान घरात एक माणूस माझ्या बाजूनं बोलतंय.

आज आईनं मला शब्द दिला होता. “ह्या खेपेला हुंकार आला, तर तुझ्यासंगं येते.”

वर देवळाच्या माळावर ही गर्दी! वलवणहून, कान्ह्याहून माणसं आलेली. नारळाचे ढीग, उदबत्त्यांचा धूर, आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईल. माघातल्या जत्रेला पालखी उचलायला पुरेशी पोरं जमली नाहीत. सगळी कंपनीत ड्यूटीवर. म्हणून खडकजाई देवीचा मुखवटा पप्पूच्या जीपमध्ये बसवला. देवळाला वळसा घालताना गाडी घुमली आणि रखमाजी भगताच्या अंगात आलं. “आई बोलली! गाडीत बोलली!” तेव्हापासून दर मंगळवारी जीपचा कौल. पूर्वी देवीच्या खांद्याला फुलं चिकटवून कौल लावत. उजवं पडलं की होकार, डावं पडलं की नकार. पण फूल पडताना आवाज होत नाही, आणि आवाजाशिवाय व्हिडिओ कोण बघणार?

रखमाजी पप्पूच्या शेजारच्या सीटवर चढून बसला. कपाळभर मळवट, डोळ्यांवर काळा चष्मा.

“ऐका!” तो ओरडला. “शेत, घर, लगीन, नोकरी, हे सुलटं काम. गाडी उजवीनं फिरंल. अंगाचं दुखणं उलटं उतरवायचं असतंया, म्हून गाडी डावीनं. हुंकार आला तर व्हय, गप ऱ्हायली तर न्हाई. देवीला उलट-सुलट कळतं. डाक्टरला कळतं का?”

“न्हाई!” गर्दी म्हणाली.

धोंडिबा नावाच्या शेतकऱ्यानं विचारलं, “बोअर मारू का?” गाडीनं उजवीनं देवळाला फेरी घातली आणि अशी घुमली की मोबाईल वर झाले, हात जुळले. मग झुंबरबाई लंगडत पुढे झाली. गुडघे दाखवायला तळेगावला जाऊ का? गाडी डावीनं गेली. गप.

“आई नको म्हणती,” रखमाजीनं अंगाऱ्याची पुडी पुढे केली. “ह्यो लाव.”

“मागल्या खेपेलाबी गप, त्याच्या मागल्या खेपेलाबी गप,” झुंबरबाई पुटपुटली. “माझ्यावरच का रुसलीया ही, कुनास ठावं.”

मग आईची पाळी आली. ती मागच्या सीटवर बसली, मी तिच्याजवळ. पदर तोंडाशी धरून ती इतकंच म्हणाली, “आई, गाठ काढू का?”

पप्पूनं स्टेअरिंग डावीकडे फिरवलं. मी तांब्याकडे पाहत होते. पाणी एका कडेला कलंडलं आणि तसंच राहिलं. पूर्ण फेरी झाली. आईचे जोडलेले हात मांडीवर पडले.

“न्हाई म्हणली,” ती म्हणाली. आवाजात दुःख नव्हतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मी खाली उतरले.

“रखमाजीभाऊ, एक विचारू? दुखण्याचा प्रश्न घेऊन आलेल्या कुणाला आजवर हुंकार मिळालाय?”

“लय जणांस्नी.”

“कुणाला? इथं असेल तर हात वर करा.”

एकही हात वर झाला नाही. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. झुंबरबाईनं कमरेवर हात ठेवले.

“मला दोन प्रश्न विचारायचेत,” मी म्हणाले. “पहिला शिक्षणाचा, म्हणजे सुलटं काम. आमची म्हैस यंदा दहावी पास होईल का?”

हशा पिकला. रखमाजी खवळला. “म्याडम, देवीची चेष्टा? शिकल्या-सवरल्या तुमी!”

“चेष्टा असेल तर देवी गप्प राहील. तिला उलट-सुलट कळतं ना?”

“फिरव की रं पप्पू!” कुणीतरी ओरडलं. “म्हशीचा रिझल्ट तरी कळू दे!”

पप्पूनं भगताकडे पाहिलं. मग आईकडे. मोबाईल त्याच्यावर रोखलेले होते. त्यानं गिअर टाकला.

“मघाच्याच वेगानं,” मी म्हणाले.

उजवी फेरी. जीप दणदणीत घुमली.

“आरं तिच्या!” धोंडिबा म्हणाला. “म्हस पास! पेढं वाटा!”

“आता दुसरा प्रश्न. हा अंगाचा आहे, म्हणून डावीनं. देवीच्या अंगात शक्ती आहे का?”

या वेळी कुणी हसलं नाही. जीप डावीनं निघाली. माळावर इंजिनाची घरघर तेवढी ऐकू येत होती. फेरी पुरी झाली. गाडी गप्प.

झुंबरबाई पुढे झाली. “मंग रखमाजी? आता काय म्हणायचं? आईच न्हाई म्हणली का?”

“जॅक काढ, पप्पू,” मी म्हणाले.

त्यानं मान खाली घालून जॅक लावला आणि पुढचं डावं चाक उचललं. धोंडिबाला मी चाक फिरवायला सांगितलं आणि झुंबरबाईचा हात चाकाच्या आतल्या बाजूच्या स्प्रिंगवर ठेवला.

“आगं बया! जात्यावानी घरघरतंया की. पार कोपरापातूर आलं.”

मग चाक वर-खाली धरून हलवायला लावलं. खटखट वाजलं. उजवं चाक उचललं, तेव्हा तिनं बराच वेळ हात ठेवला आणि मान हलवली. “ह्ये न्हाई. ह्ये लोण्यावानी फिरतंया.”

“चाक ज्याच्यावर फिरतं ते बेरिंग,” मी सांगितलं. “डाव्या चाकाचं झिजलंय. जात्याचा खुंटा झिजावा तसं. गाडी उजवीकडे वळली की तुम्ही आत बसलेले कुठं झुकता?”

“डावीकडं,” दोघं-तिघं म्हणाले.

“गाडीचाही भार डावीकडे जातो. तो त्या झिजलेल्या बेरिंगवर पडतो आणि ते घुमतं. गाडी डावीकडे वळली की भार उतरतो आणि ते गप्प बसतं. गप्प बसलं म्हणजे बरं झालं, असं नाही. एक दिवस उतारावर ते चाक धरून ठेवील. तेव्हा आत जी माणसं असतील, त्यांना कौल लावायला वेळ मिळणार नाही.”

“देवी कुटंबी शिरती,” रखमाजी म्हणाला. “बेरिंगात शिरली.”

“मग नवीन बेरिंग बसवू. देवी असेल तर नव्यातही बोलेल.”

धोंडिबा मोठ्यानं हसला. रखमाजीनं पुड्यांचं ताट उचललं आणि तो देवळाच्या मागच्या अंगाला गेला. दवाखान्यात बरा झालेला माणूस पुन्हा अंगाऱ्याला येत नाही, हे त्याला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. म्हणून तर दुखण्याच्या फेऱ्या डाव्या.

आई गाडीतून उतरून पप्पूसमोर उभी राहिली होती.

“पप्या, तुला ठावं व्हतं?”

तो जॅकचा दांडा पुसत राहिला.

“तुला इचारतीया.”

“कान्ह्याच्या ग्यारेजवाल्यानं सांगितलं व्हतं,” तो म्हणाला. “जत्रंच्या आधीच.”

“मंग बदललं का न्हाईस?”

“लोक गाडीच्या पाया पडाया लागली, आये. मला पप्पूशेट म्हणाया लागली. वाटलं, थोडं दिस चालू दे.”

“आन माझ्या येळंला?”

“भगत शेजारी बसल्याला. दुखण्याला गाडी उजवीनं घेतली असती तर समदं उघडं पडलं असतं.” त्यानं माझ्याकडे पाहिलं. “ताई, मी सांगनारच व्हतो.”

मला सगळे रविवार आठवले. ‘आईच ऐकत न्हाई.’ तिला नकार देणारे हात याचेच होते, आणि फोनवर माझी समजूत काढणारा आवाजही याचाच. रखमाजीनं मला फसवलं नव्हतं. त्याच्यावर मी कधी विश्वासच ठेवला नव्हता.

आई रडली नाही. फार हळू म्हणाली, “येक डाव तरी उजवीनं घ्यायचीस रं. आईसाठी.”

तो जॅक गाडीत ठेवायला वळला.

लोक अजून उभे होते. झुंबरबाई पुडीकडे पाहत होती. मला भाषण येत नाही. जे सुचलं ते बोलले.

“देवाला हात जोडू नका, असं सांगायला मी आले नाही. पण कुणी कौल लावून देत असेल, तर ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे असा एक प्रश्न विचारून बघा. फेरी उलटी घालायला सांगा. जो चिडेल, त्याच्यापासून लांब राहा. चाकाचं दुखणं चाक तपासून कळतं, माणसाचं माणूस तपासून. आईची गाठ दुखत नाही. म्हणून ती नाही, असं होत नाही.”

झुंबरबाईनं पुडी उलटी केली. राख वाऱ्यावर गेली. “तळेगावची एस्टी कितीला हाय गं?” तिनं कुणाला तरी विचारलं.

पप्पूनं जीपचं मागचं दार उघडून धरलं. “चल आये, घरी सोडतो.”

आई जागची हलली नाही. तिनं पदराआड हात घातला, गाठीवर बांधलेला, रखमाजीनं दिलेला पाल्याचा लेप सोडवला आणि पुढच्या डाव्या चाकापाशी टाकला. मग माझा हात धरला. होळीपासून ज्या शब्दांची मी वाट पाहत होते, ते तिनं सगळ्या माळाला ऐकू जाईल असे उच्चारले.

“आपरेशन करून घेनार हाय मी. उद्याच जाऊ, पोरी. पर ह्या गाडीतनं न्हाई.”