चार पायांची जीप

भागूबाईच्या जीपला दुखणं काय आहे, हे पोलादपुरातल्या तीन मिस्त्र्यांनी शोधून काढलं होतं, आणि तिघांनी तीन वेगवेगळी दुखणी शोधली होती. पहिल्यानं सायलेन्सर बदलला. दुसऱ्यानं स्प्रिंगचे पाटे बदलले. तिसरा जरा जास्त शिकलेला, त्यानं गाडीचं वय विचारलं, मान हलवली आणि म्हणाला, "आता हिला आराम द्या."

"मना पण सत्तर झाली," भागूबाई म्हणाली. "माझी पण सोय बघून ठेवलीस का रे?"

आवाज होता तिथंच होता. वाडीवरून घाटरस्त्याला उतरताना वळण आलं, स्टेअरिंग पुरतं फिरवलं, की डाव्या पुढच्या चाकाशी कुणीतरी आत बसून सुपारी कातरतंय असं वाटे. टक्, टक्, टक्. हल्ली तर सुपारीचा नारळ झाला होता.

तेवढ्यात मुलानं, जितेशनं, गिऱ्हाईक बघितलं. तो माणूस शुक्रवारी जीप न्यायला येणार होता. जीप गेली की दुधाचे कॅन खाली जाणार नाहीत, दूध गेलं नाही की सात म्हशी विकायच्या, आणि म्हशी गेल्या की म्हातारीनं पोलादपुरात भाड्याच्या दोन खोल्यांत मोरीशेजारी खाट टाकून बसायचं. हे सगळं तिच्या भल्यासाठी ठरलं होतं. भागूबाईच्या भल्यासाठी लोक फार काय काय ठरवीत. तिला विचारायचं तेवढं राहून जाई.

म्हणून गुरुवारी सकाळीच तिनं महाडच्या मुदस्सर मिस्त्रीला फोन लावला. त्याचा बाप अब्बास दर बकरी ईदला बोकड तिच्याकडूनच न्यायचा, तेव्हा 'येतो' म्हणण्यावाचून मुदस्सरला गत नव्हती.

"वर यायचं," तिनं बजावलं. "मी गाडी खाली धाडणार नाय. पेशंट डोंगरावर, आन् वैद्य बाजारात बसून नाडी बघतात."

मुदस्सर आला, पाणी प्यायला आणि पहिला प्रश्न त्यानं जितेशला नाही, तिलाच विचारला. "मावशी, आधीच्यांनी गाडी कुठं चालवून बघितली?"

"हायवेला. सरळ. वरातीतल्या नवऱ्यासारखी."

"आणि आवाज येतो वळताना."

"तू शिकलेला दिसतोस."

गोठ्यापुढच्या खळ्यात त्यानं जितेशला स्टेअरिंग पुरतं डावीकडं तोडायला लावलं, गाडी माणसाच्या चालीनं चालवायला सांगितली आणि स्वतः चाकाजवळ कान नेऊन वाकून चालला. टक्, टक्, टक्. उजवीकडं तोडल्यावर आवाज कमी झाला.

"आता तो लहान लिव्हर काढ. पुढच्या चाकांची ताकद बंद कर."

जितेशचा हात लिव्हरपर्यंत गेला आणि थांबला. त्यानं आईकडं बघितलं.

"काढ की. मिस्त्री सांगतोय ना!"

लिव्हर निघाला. जीपनं पुन्हा तीच फेरी मारली आणि खळ्यातल्या खड्यांशिवाय काही वाजलं नाही.

मुदस्सरनं जॅक लावला, डावं चाक काढलं, आतला एक्सल ओढून बाहेर घेतला. एक्सलच्या टोकाला सांधा होता. "हा क्रॉस. चाक वळलं तरी इंजिनची ताकद ह्यातून चाकाला पोचते. माणसाचा खुबा समजा." त्यानं तो हातात हलवला. खुबा खुळखुळला आणि तळहातावर लाल पूड सांडली. "आत बारीक सुया असतात. त्यांचं हे झालं."

"मशेरी लावत होतीस होय गो, माझ्यापासून लपवून?" भागूबाई जीपला म्हणाली, आणि लगेच मुलाकडं वळली. "बघ! ग्रीस घालायचं कुणाचं काम?"

"ग्रीस भरपूर आहे, मावशी," मुदस्सर म्हणाला. "त्याची चूक नाही. मला एवढंच सांगा, गाडी डांबरावर पण चारी चाकांच्या ताकदीवर चालते का?"

सून गौतमी दारात उभी होती. तिला एकदम आत चुलीवर काहीतरी आठवलं. जितेश आभाळ बघू लागला.

तीन पावसाळ्यांपूर्वी जितेश लिव्हर टाकून पुढच्या चाकांना ताकद द्यायला विसरला होता आणि जीप चिखलात घसरून बांधाला टेकली होती. त्या दिवशी भागूबाईनं हुकूम काढला: लिव्हर पुन्हा काढलास तर हात मोडीन. चार पाय दिलेत तर चार पायांवर चालव. डांबर लागलं म्हणून म्हैस कधी दोन पायांवर चालली हाय? वाडीला हे इतकं पटलं होतं की भागूबाई लग्नाकार्यातही ते सांगे. खालचे मिस्त्री मात्र सवयीनं लिव्हर काढूनच हायवेला जात, आवाज थांबला म्हणून खूश होत, आणि जितेश आईच्या धाकानं तो परत टाकून घरी येई.

मुदस्सरनं सगळं ऐकून घेतलं. हसला नाही, हे त्याचं नशीब.

"मावशी, बैलजोडी वळवताना बाहेरचा बैल जास्त चालतो. दोघांचे पाय एकमेकांना बांधले तर?"

"पडतील."

"वळताना पुढची चाकं तशीच मागच्यांपेक्षा जास्त पळतात, आणि लिव्हर त्यांना मागच्यांशी बांधतो. चिखलात खूर सरकतो, म्हणून निभतं. डांबरावर सरकत नाही. मग सगळा पीळ ह्या सांध्यावर येतो. दोन्ही बाजूंना नवे क्रॉस टाकतो, गाडी अजून खूप चालेल. पण तुमचा हुकूम तोच राहणार असेल, तर उद्याच्या माणसाला देऊन टाका. मी पुन्हा डोंगर चढणार नाही."

तेवढ्यात जितेशचा फोन वाजला. गिऱ्हाईकच होतं.

"हां साहेब... नाय, ते काय झालं, खालच्या मिस्त्र्यांनी जरा घोळ घातला..."

पोरगं आईला झाकत होतं. मिस्त्रीही तसे सोयीचे होते. तीन चुका केलेल्यांच्या माथी चौथी मारली तर कुणाला कळणार होती? भागूबाईनं फोन हिसकावला.

"मी ह्याची आई बोलतेय. गाडी इकायची नाय. मिस्त्र्यांची चूक नाय, ह्याची बी नाय. चुकली म्हातारी. मी उलटं शिकवलं, आन् ह्या गाढवानं तीन वर्सं ऐकलं... काय? म्हशी? त्या बी नाय इकायच्या."

फोन तिनं जितेशच्या हातात आदळला. तो आ वासून बघत होता.

"तोंड मिट. मागच्या चाकाला दगड लाव, गाडी घसरंल." मग ती मुदस्सरशेजारी उकिडवी बसली. "आन् तू, तो लिव्हर कवा टाकायचा, कवा काढायचा, मना नीट सांग. उद्यापासून ह्याला मीच सांगणार हाय."