वन्संनी आणलेले पेले

वन्सं खरं म्हणजे एकाच बाईची नणंद. पण वहिनी दिवसभर ‘वन्सं, वन्सं’ करायची, ते ऐकून शेजारीपाजारी, गिऱ्हाइकं, इतकंच काय पार्सल आणणारा माणूससुद्धा त्यांना वन्संच म्हणायला लागला. वयाने त्या वहिनीपेक्षा लहान होत्या, पण मान फुकट मिळत असेल तर नाही कोण म्हणतं? दोघींचा धंदा घराच्या मागच्या खोलीत चालायचा. वहिनी काचेच्या पेल्यांवर नावं कोरायची आणि कोरे पेले शोधून आणायचं काम वन्संचं.

या कामात त्यांचा हातखंडा होता. घाऊक बाजारात शिरल्या की पेला उजेडाकडे धरायचा, नखाने टिचकी मारायची, काठावरून बोट फिरवायचं, बुड वाकडं असेल तर तोंडही वाकडं करायचं. लांबून त्या दिसल्या तरी दुकानदार कपाळाला हात लावायचे. एकदा त्यांना जाड बुडाचे, आरशासारखे स्वच्छ पेले मिळाले. दुकानदाराने त्यातला एक त्यांच्यादेखत फरशीवर टाकला. पेला टणकन उडाला आणि तसाच्या तसा राहिला. घरी येऊन वन्संनी स्वयंपाकघरात तोच प्रयोग करून दाखवला, तेव्हा वहिनीही कौतुकाने हसली.

त्याच आठवड्यात एका इस्पितळातून मोठं काम आलं. तिथल्या निवृत्त होणाऱ्या परिचारिकांना त्यांचं नाव कोरलेला एकेक पेला द्यायचा होता. वहिनीने डोळ्यांना चष्मा लावला, हिऱ्याच्या टोकाचं यंत्र सुरू केलं आणि पहिलं नाव घेतलं. शेवटच्या अक्षरावर आली आणि पेला फुटला. फुटला म्हणजे तडकला नाही, बार उडाल्यासारखा सगळाच गेला. खोलीभर साखरेच्या दाण्यांएवढा चुरा झाला. चष्म्यामुळे डोळे वाचले, पण गाल चिरला.

मग कळलं की ती काच मुद्दाम कडक केलेली होती. तापवून वर गार हवेचा झोत मारला की काच बाहेरून घट्ट आवळली जाते. पडली तर सोसते, पण टोकदार काही आत शिरलं की एका क्षणात सगळी सुटते. असल्या काचेला कोरायचं यंत्र लावायचंच नसतं. दुकानदाराला जाब विचारला तर तो म्हणाला, न फुटणारा माल मागितलात, कोरायचा आहे हे कुठे सांगितलंत?

गालाची जखम भरली, पण वहिनीच्या मनात भीती बसली. यंत्र हातात घ्यायची, टोक काचेजवळ न्यायची आणि हात लटलटायला लागायचा. घरातल्या जुन्या, साध्या पेल्यांवरही तिला रेघ ओढवेना. शेवटी तिने यंत्र डब्यात घालून डबा फळीवर ठेवला आणि आता टॉवेलांवर दोऱ्याने नावं काढू म्हणाली. नवऱ्याने लगेच होकार दिला. वन्संना मात्र ते पटेना. तिची अक्षरं त्यांनी पहिल्यापासून पाहिली होती. आपण आणलेल्या मालाने वहिनीचा हात गेला, असं त्यांनी भावाला स्पष्ट सांगितलं, आणि तो परत आणल्याशिवाय त्या गप्प बसणार नव्हत्या.

बाजारात चौकशी करता करता गावाबाहेरच्या एका जुन्या कारखान्याचा पत्ता लागला. तिथे अजून तोंडाने फुंकून पेले करतात म्हणे. ‘माल तू बघ, मी नुसती पिशवी धरते,’ असं म्हणून वन्संनी वहिनीला जवळजवळ ओढतच नेलं.

आत अंधार होता आणि भट्टी घुमत होती. तिच्या तोंडाशी एक रुंद खांद्यांच्या मावशी उभ्या होत्या. त्यांनी लांब नळी आत घातली, फिरवली आणि बाहेर काढली, तेव्हा टोकाला उजेडाचा एक गोळा लोंबत होता, मधासारखा दाट. ही काच? वन्संनी जन्मभर काच हाताळली होती आणि काच अशी असते हे त्यांना माहीतच नव्हतं. मावशींनी नळी ओठांना लावली. गाल फुगले नाहीत की काही नाही, लहान मुलाच्या डोळ्यात कचरा गेला तर घालतो तेवढीच फुंकर. गोळ्याच्या आत एक पोकळी उमलली, वाढली, आणि एका माणसाचा श्वास समोर दिसायला लागला. चपला काढाव्यात असं त्यांना वाटलं, पण खाली निखारे होते.

वहिनी कधी पुढे सरकली ते कळलंच नाही. पेला तयार झाला तसा मावशींनी तो दुसऱ्या, मंद भट्टीत ठेवला आणि उद्यापर्यंत तिथेच राहील म्हणाल्या. एवढा वेळ कशाला, असं वहिनीने विचारलं. तिथे आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलली होती.

“एकदम गार केली की काच धसका घेते, बाई,” मावशी म्हणाल्या. “वरून कळत नाही, पण तो पोटात राहतो. म्हणून हळूहळू निवू द्यायची. मग तिच्यावर खुशाल काय ते कोरा.”

वहिनी बराच वेळ त्या मंद भट्टीकडे बघत राहिली. मग आदल्या दिवशीचे, निवलेले पेले तिने स्वतः निवडले. एकासारखा दुसरा नव्हता, कुणाच्या पोटात बारीक बुडबुडा होता. एरवी वन्संनी नाकं मुरडली असती. आज त्यांनी ते कपड्यात गुंडाळून पोटाशी धरून आणले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीने फळीवरचा डबा काढला. दोघींनी चष्मे लावले. पेला नेहमीप्रमाणे उशीवर आडवा ठेवला, यंत्र सुरू झालं, टोक जवळ गेलं आणि हात थरथरला. वहिनीने यंत्र बंद केलं.

“वन्सं, पेला तुम्ही धरा.”

कोरताना पेल्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा वहिनीचाच नियम होता. वन्संनी त्या नियमाची आठवण करून दिली नाही. त्यांनी उघड्या हातांनी पेला दोन्ही बाजूंनी घट्ट धरला.

टोक टेकलं. थरथर काचेतून तळव्यांत आली आणि कोपरापर्यंत चढली. वन्संचे डोळे मिटू पाहत होते, ते त्यांनी मिटू दिले नाहीत. पांढरी पूड सांडत होती आणि तिच्याखालून अक्षर वर येत होतं, मग दुसरं, मग तिसरं. इस्पितळातल्या ज्या परिचारिकेचं ते नाव होतं तिला दोघींनी कधी पाहिलं नव्हतं, आणि तरी ती हातात येत होती. ही नवलाई रोज आपल्याच घरात, भिंतीपलीकडे घडत होती, आणि आपण बाहेर खोक्यांची दोरी सोडत बसत होतो, हे वन्संना आत्ता समजलं.

शेवटचं अक्षर राहिलं तेव्हा वहिनी थांबली. तिने वन्संकडे पाहिलं. वन्संचे हात तिथेच होते. मग तिने ते अक्षर सावकाश, एका दमात पूर्ण केलं.

“झालं. सोडा आता.”

वन्सं हो म्हणाल्या, पण बोटं उघडेनात. तेव्हा वहिनीने यंत्र बाजूला ठेवलं आणि त्यांचं एकेक बोट आपल्या हाताने सोडवलं. तिचा हात अगदी स्थिर होता.